प्रश्नही आणि दुखणेही

जगायचे कशासाठी, हा प्रश्न दोन अगदी वेगळी माणसे विचारू शकतात. पहिल्याला झोप नीट लागते, जेवण गोड लागते, कामात हयगय नाही. पण वडील गेले किंवा निवृत्ती जवळ आली, आणि इतकी वर्षे ज्याच्याकडे पाहायला सवड नव्हती ते समोर येऊन उभे राहिले. दुसरा कित्येक आठवडे पहाटे तीनला जागा होतो, पोटच्या मुलाशी बोलण्याचेही त्राण त्याच्यात उरलेले नाही, आणि हा प्रश्न त्याच्या मनात घोळतो तेव्हा उत्तर आधीच ठरून गेलेले असते. शब्द दोघांचे तेच. पहिल्याला गोळी लिहून देणे हास्यास्पद, दुसऱ्याला प्रवचन ऐकवणे क्रूर. खरी अडचण मात्र याच्या पुढची आहे. धर्मगुरूसमोर किंवा समुपदेशकासमोर येऊन बसणारी बहुतेक माणसे या दोघांपैकी कुणी एक नसतात, ती थोडी थोडी दोन्ही असतात. त्यांचा प्रश्न खरा असतो आणि दुखणेही खरे असते.

कॅथलिक श्रद्धा आणि मानसिक आरोग्याचे समुपदेशन यांच्याविषयी लिहिताना दोन्ही एकमेकांना कशी पूरक आहेत, असे गोड बोलून विषय मिटवण्याची प्रथा आहे. या पुस्तकाच्या वाचकापुढे मला मांडायचे आहे ते जरा कडक आहे. उत्तर देण्याआधी प्रश्न आणि दुखणे हे दोन पदर सोडवून पाहणे, हे ख्रिस्तसभेचे स्वतःचे जुने काम आहे. ते करण्यासाठी आज समुपदेशनाची मदत नाकारणारा धर्मगुरू आपल्याच परंपरेतले सर्वांत शहाणे पान फाडून टाकतो. आणि माणसाच्या प्रश्नाला निव्वळ लक्षण समजून तो पुसून टाकू पाहणारा समुपदेशक आपल्या शास्त्राच्या सीमेबाहेर जाऊन निवाडा देतो. दोघांच्या चुका एकाच जातीच्या आहेत: ऐकून होण्याआधी उत्तर.

याचा ठळक पुरावा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आयुष्यात सापडतो. 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणावर ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचता वाचता त्यांचे मन पालटले, ही कथा कॅथलिक घरांत परिचित आहे. पुढच्या वर्षी मानरेसा गावी जे घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. माँटसेराटच्या मठात त्यांनी पूर्वायुष्यातल्या पापांचे लेखी, सविस्तर निवेदन केले होते. त्याला तीन दिवस लागले. तरीही काहीतरी सांगायचे राहिले, ही शंका त्यांना सोडीना. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला जात राहिले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले की मागचे अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगा. पण त्यांना तर सारेच स्पष्ट दिसत होते, तेव्हा त्या आज्ञेचा काही उपयोग झाला नाही. रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना चालू होती, आणि त्याच दिवसांत खोलीतल्या एका मोठ्या विवरात उडी टाकून जीव द्यावा अशी ऊर्मी वारंवार येत होती. हे सारे त्यांनी स्वतःच, उतारवयात, एका सहकाऱ्याला सांगितले आणि त्याने ते लिहून ठेवले. प्रार्थनेचे तास वाढवून सुटका झाली नव्हती, हे त्यांच्याच कथनातून कळते. ही शंका आली कशी आणि ती आपल्याला कुठे ओढून नेते आहे, हे त्यांनी पाहिले आणि मागच्या पापांचे निवेदन यापुढे करायचे नाही असे ठरवले. या जागे होण्याचे श्रेय ते देवाच्या दयेला देतात. पण दया काम करते ती नेमक्या एका वर्तनाला लगाम घालून, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पाच शतकांपूर्वीच्या माणसाचे निदान आज टेबलाशी बसून करणे उद्धटपणाचे ठरेल. तरीही मंत्रचळाच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या कुणालाही ही साखळी ओळखीची वाटेल: शंका, ती शमवण्यासाठी केलेली कृती, आणि त्या कृतीतूनच बळावलेली पुढची शंका. हात धुणाऱ्याच्या बाबतीत ती कृती नळाशी होते, श्रद्धावंताच्या बाबतीत पापनिवेदनाच्या पिंजऱ्याशी. आजचा उपचार शंकेशी वाद घालत बसत नाही. शमवणारी कृती थांबवून अस्वस्थतेत टिकून राहायला तो शिकवतो. अठराव्या शतकात संत आल्फोन्सस लिगोरी यांनी पापशंकेने ग्रासलेल्यांना एकाच धर्मगुरूचे ऐकायला सांगितले आणि केलेले पापनिवेदन पुन्हा उगाळू नये असे बजावले. ते स्वतः या पीडेतून गेले होते. इग्नेशियस यांनीही आपल्या अनुभवाचे नियम केले. 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेत पापशंकेवर वेगळी टिपणे आहेत. मन उजाड झालेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, असे तिथे सांगितले आहे. जे दडवून ठेवावेसे वाटते तेच जाणत्या माणसापुढे उघड करावे आणि साधना करवून घेणाऱ्याने साधकाला आपल्या पसंतीच्या बाजूला झुकवू नये, असेही आहे. लेखकाचे नाव न सांगता हे नियम समुपदेशनाच्या वर्गात वाचून दाखवले तर कुणाची भुवई वर जाणार नाही.

इग्नेशियस एकटे नव्हते. त्यांच्याच शतकातले क्रूसाचे संत योहान यांच्या ‘काळोख्या रात्री’ची आज इतकी उचल होते की कुठल्याही उदासीला ते भारदस्त नाव दिले जाते. मूळ ग्रंथ त्याहून कितीतरी सावध आहे. प्रार्थनेत गोडी उरत नाही तेव्हा ती देवाने घडवलेली शुष्कता आहे, आपल्या ढिलाईचा परिणाम आहे, की शरीरातल्या विषण्णतेच्या दोषाचा, हे ओळखण्यासाठी योहान यांनी तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टीत रस नाही आणि जगातल्या गोष्टीतही नाही, ही पहिली खूण एकटी पुरेशी नाही, कारण नुसत्या विषण्णतेतही असेच होते, असे ते स्पष्ट सांगतात. अविलाच्या संत तेरेसा यांनी आपल्या मठस्थापनांच्या वृत्तांतात विषण्ण धर्मभगिनींना कसे वागवावे यावर एक आख्खे प्रकरण लिहिले. त्यातली सक्ती आज वाचवत नाही, हेही सांगायला हवे. पण आजार आणि साधना यांत फरक करावा लागतो, तो न केल्यास माणसाचा घात होतो, हे या दोघांनी मानसशास्त्र नावाची विद्या जन्माला येण्याआधी तीनशे वर्षे ओळखले होते. अलीकडचे एक उदाहरण तर संतपदापर्यंत पोहोचलेले आहे. लिझ्यूच्या संत तेरेझा यांचे वडील लुई मार्टिन 1889 पासून तीन वर्षे काँ शहरातल्या मनोरुग्णालयात होते. गावात कुजबूज झाली, मुलींनी मान खाली घालून ती सोसली. 2015 मध्ये ख्रिस्तसभेने त्याच लुई मार्टिन यांना पत्नी झेली यांच्यासह संत म्हणून घोषित केले. मनाचा आजार हा श्रद्धेच्या उणिवेचा दाखला आहे असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी या निर्णयाचा अर्थ कसा लावायचा ते सांगावे.

परंपरेत हे शहाणपण होते, तसा याच परंपरेचा कठोर हातही होता, आणि तो झाकून हा विषय मांडता येणार नाही. 1917 च्या धर्मविधिसंहितेने जाणूनबुजून जीव दिलेल्या व्यक्तीला, पश्चात्तापाची खूण दिसल्याशिवाय, ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. एका मृत्यूवर दुसरी शिक्षा घरच्यांना भोगावी लागे. 1961 मध्ये रोमच्या धर्मकार्यालयाने धर्मगुरूंना मनोविश्लेषणाचा व्यवसाय करण्यास मनाई केली. मग चार वर्षांत वारे फिरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजाने आत्मिक सेवेत ईशज्ञानाबरोबरच मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या शोधांचाही पुरेसा उपयोग करावा असे म्हटले. आणि त्याच दस्तऐवजाने दुःख, मृत्यू व जगण्याचा अर्थ हे प्रश्न प्रत्येक माणसाच्या ठायी आहेत असेही सांगितले. 1983 च्या नव्या संहितेत दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या वगळली गेली. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक विकार, तीव्र भीती किंवा यातना यांमुळे त्या कृतीची जबाबदारी कमी होते असे म्हटले, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे शिकवले. भारतीय कायद्याला तिथवर पोहोचायला आणखी वेळ लागला: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरणारे कलम 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आले.

एवढे बदल कागदावर झाले तरी धर्मग्रामातला पहिला आक्षेप तसाच उभा आहे. प्रार्थना पुरत नाही का? श्रद्धा भक्कम असेल तर नैराश्य येईलच कसे? या आक्षेपात एक तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. मिस्साबलीला एकत्र जमणारी, आजारपणात दार ठोठावणारी, मयताच्या घरी न बोलावता पोहोचणारी माणसे हा मोठा आधार असतो, आणि एकटेपणावर तो कुठल्याही गोळीपेक्षा जुना उपाय आहे. समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी 1897 मध्ये कॅथलिक समाजांत प्रोटेस्टंट समाजांहून आत्महत्या कमी दिसतात असे मांडले, त्याचेही कारण त्यांनी समाजाच्या घट्ट विणीत शोधले होते. (कॅथलिक मुलखात अशा मृत्यूंची नोंद दुसऱ्याच कारणाखाली होत असावी, ही शंकाही नंतरच्या अभ्यासकांनी घेतली आहे. ज्या समाजात दफन नाकारले जाई तिथे ती अगदीच निराधार वाटत नाही.) पण श्रद्धा नेहमी आधारच देते असे पुरावा सांगत नाही. केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे सहाशे वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम राहिले नाही, अशा भावनांशी झगडणाऱ्यांत मृत्यूचा धोका अधिक आढळला; शरीराची आणि मनाची मूळ स्थिती हिशेबात धरूनही. म्हणजे श्रद्धावंताच्या दुखण्याला श्रद्धेचाच आकार येतो, आणि तेव्हा ‘आणखी प्रार्थना करा’ हा सल्ला जखमेवरच बोट ठेवतो. मानरेसातल्या सात तासांनी हेच सांगितले होते.

याच आक्षेपाचे एक सूक्ष्म रूप जास्त घातक आहे, कारण ते उदात्त दिसते: दुःख हा क्रूस आहे, तो खांद्यावर घ्यावा. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरी परत धाडलेल्या बाईला हे वाक्य ऐकवले जाते. मराठी वाचकाला यात ‘प्रारब्ध भोगूनच संपवावे लागते’ या वाक्याचा सख्खा भाऊ दिसेल, आणि तो बरोबर दिसेल. दुःखाला ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येते, हा कॅथलिक विश्वासाचा गाभा आहे; तो मी सौम्य करू इच्छित नाही. परंतु पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1984 मध्ये मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर जे पत्र लिहिले, त्याचा शेवटचा मोठा भाग दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाला शोमरोनी दुःखाचा अर्थ समजावत नाही. तो जखम बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि शुश्रूषेचे पैसे भरतो. टाळता येण्यासारखे दुःख टाळणे आणि टळत नाही त्याला अर्थ देणे, या क्रमाची उलटापालट करणाऱ्याला या पत्राचा आधार घेता येत नाही.

दुसरा आक्षेप पलीकडच्या बाजूने येतो. फ्रॉईड यांनी 1927 मध्ये धर्माला भ्रम ठरवले. आजचे समुपदेशक इतके रोखठोक बोलत नाहीत, पण अनेकांच्या मनात ते गृहीतक असते. त्यांचे म्हणणे असे, की मरणाची भीती, अपराधभाव, शून्यपणा यांना धर्म तयार उत्तर देतो आणि त्यामुळे माणसाचे स्वतःशी भिडणे टळते. हे होते, यात शंका नाही. तरी या क्षेत्रातलाच अनुभव वेगळी दिशा दाखवतो. मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम हे स्वतः श्रद्धावंत नव्हेत. 1980 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थहीनता या चार गोष्टी मानवी चिंतेच्या मुळाशी असल्याचे मांडले, आणि उपचार करणाऱ्याने त्यांना बगल देऊ नये असा आग्रह धरला. व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारावर आधारून न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांनी बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी अर्थकेंद्री उपचारपद्धती घडवली. तिथे कुणालाही उत्तर दिले जात नाही. आपल्या आयुष्यात अर्थ कुठून येत आला, हे रुग्णाकडूनच काढले जाते, आणि चाचण्यांमध्ये त्याचा उपयोग दिसून आला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 1994 मध्ये ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही नोंद विकार म्हणून न करता लक्ष देण्याजोगी अवस्था म्हणून आली. म्हणजे प्रश्नाला प्रश्न म्हणून जागा द्यावी लागते, हे या विद्येनेही मान्य केले आहे. आता ज्याच्या आयुष्यात अर्थ जपमाळेतून, कम्युनियनमधून, मेलेल्यांसाठी केलेल्या प्रार्थनेतून येत आला त्याला समुपदेशकाने ते सारे खोलीबाहेर ठेवायला सांगितले, तर उरते काय? समुपदेशक स्वतः श्रद्धावंत असायलाच हवा असे नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सहा महिने एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होतो, असे मोकळेपणाने सांगितले. ऐकणाऱ्याला तो विश्वास गांभीर्याने घेता आला पाहिजे, एवढेच पुरे.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राच्या मातीतला आहे आणि मला तो सर्वांत विचार करायला लावतो. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो शिकागोत मानसशास्त्र शिकून आले आणि 1970 च्या दशकात त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. इग्नेशियस यांची साधना, पौर्वात्य ध्यान आणि त्या काळचे समूहोपचार यांचा मेळ त्यांनी घातला, आणि देशोदेशीचे धर्मगुरू व धर्मभगिनी तिथे शिकायला आल्या. 1987 मध्ये ते वारले. अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, रोमच्या विश्वासविषयक मंडळाने त्यांच्या लिखाणाविषयी इशारा दिला: सुरुवातीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहते, पण पुढे पुढे व्यक्तिरूप देव धूसर होऊन निराकार जाणीव उरते. यावरून आक्षेपक म्हणतात, पाहा, मानसशास्त्राला दारात घेतले की ते देवाला घराबाहेर काढते. मला या इशाऱ्याचा आशय खोटा वाटत नाही. मनःशांती हेच ध्येय झाले की ज्याच्याशी भांडावे, ज्याच्यावर रुसावे असा देव खरोखरच उरत नाही, आणि बायबलमधले ईयोबाचे सगळे पुस्तक निरर्थक होते. पण दोष कशाचा ते नीट पाहिले पाहिजे. समुपदेशन जेव्हा समुपदेशन राहते तेव्हा ते देवाविषयी काही सांगत नाही. तेच अध्यात्म बनू पाहते तेव्हा गोंधळ सुरू होतो, आणि धर्मगुरू चार पुस्तके वाचून उपचारक बनतो तेव्हाही. डिमेलो यांच्या उदाहरणातून मी दार बंद करण्याचा धडा घेत नाही. दोन खोल्यांमधली भिंत शाबूत ठेवण्याचा घेतो.

या भिंतीची गरज सत्तेच्या कारणासाठीही आहे. वसईसारख्या भागात एकाच धर्मग्रामातली माणसे शाळेत, शेतावर, बाजारात आणि बाकावर एकमेकांना रोज भेटतात. ज्या फादरांनी बाप्तिस्मा दिला, ज्यांच्या हाती शाळाप्रवेशाची चिठ्ठी आहे, त्यांनीच समुपदेशकाच्या खुर्चीत बसायचे म्हटले तर समोरचा माणूस मोकळा कसा होणार? धर्मगुरूंनी विश्वासाचा गैरफायदा घेतल्याची प्रकरणे जगभर उघड झाल्यानंतर हा प्रश्न सौजन्यापोटी टाळण्यासारखा राहिलेला नाही. त्याच वेळी, राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015–16 मध्ये भारतातल्या सुमारे 10.6 टक्के प्रौढांना मानसिक विकार होता आणि वेगवेगळ्या विकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या आहेत, आणि राज्यांत सर्वाधिक, 22,746, महाराष्ट्रात. तज्ज्ञ दूर आणि महाग आहे तिथे फादरच जवळचा असतो. म्हणून त्याला बाजूला करून चालणार नाही. आपल्या हातून काय होणार नाही, हे त्याला अचूक माहीत असले पाहिजे.

ही मर्यादा किती ठोस आहे ते पापनिवेदनाच्या गुप्ततेवरून दिसते. पिंजऱ्याआड ऐकलेले धर्मगुरूला कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगता येत नाही; समोरचा माणूस आज रात्री जीव देणार आहे असे कळले तरी नाही. समुपदेशकाची गुप्तता वेगळी आहे: जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभा 2017 चा कायदाच देतो. म्हणजे जिथे माणूस सर्वांत मोकळा बोलतो तिथे ऐकणाऱ्याचे हात बांधलेले, आणि ज्याचे हात मोकळे आहेत त्याच्याकडे तो माणूस कदाचित कधीच जाणार नाही. धर्मगुरूला एवढेच करता येते: पापक्षमा देऊन झाल्यावर त्याला घाईने वाटेला लावायचे नाही, पिंजऱ्याबाहेर थांबशील का असे विचारायचे, हेच माझ्याशी बाकावर बसून पुन्हा बोलशील का असे विचारायचे, आणि तो हो म्हणाला तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक त्याच्यासमोर फिरवून फोन त्याच्या हाती द्यायचा. हे ज्याला करता यावे असे वाटते, त्याच्या तयारीसाठी पुढची पाने आहेत.